एकच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्यायचा झाला तर

नाशिकमध्ये स्वतंत्रपणे भूल देण्याचे काम नुकतेच सुरू केलेल्या एका सहकाऱ्याने प्रश्न विचारला आहे. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या काही छोट्या रुग्णालयांत ते बोलावणे आले की जातात, अधूनमधून सिन्नर-निफाडकडेही जावे लागते. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालताना स्वरयंत्र पाहण्यासाठी लॅरिंगोस्कोप लागतो. त्यांच्या बॅगेत त्याची मॅकिंटॉशची ब्लेड, एक मॅककॉय ब्लेड आणि नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी, म्हणजे बूजी, आहे. आता स्वतःच्या पैशाने घशातले दृश्य पडद्यावर दाखवणारा एक व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्यायचा आहे. मात्र प्रत्येक कंपनीचा प्रतिनिधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) स्वरतंतू लख्ख दाखवून जातो, त्यामुळे निवड कशी करावी ते कळत नाही. असा स्कोप हाताशी आला की अवघड श्वसनमार्गाच्या रुग्णासाठी फायबरऑप्टिक स्कोपची, म्हणजे लवचीक दुर्बिणीची, गरज उरते का, असेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून मांडतो. ज्या हँडलवर मॅकिंटॉशच्या आकाराचे आणि तीव्र वळणाचे अशी दोन्ही ब्लेड बसतात, जो चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालतो आणि ज्याची ब्लेड वेळेवर मिळण्याची खात्री आहे, असा स्कोप घ्या. फायबरऑप्टिकची गरज मात्र त्याने संपणार नाही. आपल्या जिल्ह्यात तर ती नजीकच्या काळात संपेल असे मला वाटत नाही, कारण गुटखा आणि तंबाखूने आखडलेली तोंडे आपल्याकडे सतत येत असतात.

स्कोपची तुलना करताना कोणत्या स्कोपने जास्त चांगले दिसते हे पाहण्याआधी, समोरच्या रुग्णात अडचण नेमकी कुठे आहे हे पाहायला हवे. तोंड उघडत नाही, मान मागे जात नाही, हनुवटी लहान असून स्वरयंत्र वर आणि पुढे आहे, जीभ मोठी आहे, मानेवर चरबी आहे, घशात रक्त किंवा उलटी आहे, अशा या वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि एकाच उपकरणाने त्या साऱ्या सुटत नाहीत. मॅलमपट्टी यांनी १९८५ मध्ये मांडलेली आणि पुढे १९८७ मध्ये चार वर्गांची झालेली, उघड्या तोंडातून घसा किती दिसतो याची तपासणी, हनुवटीपासून थायरॉइड कूर्चेपर्यंतचे अंतर, खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो की नाही, मान किती वळते, ही सगळी तपासणी एकेकटी पाहिली तर फारशी भरवशाची नाही; एकत्र पाहिली तर अडचण कोणत्या जातीची आहे याचा बराचसा अंदाज येतो. स्कोपची निवड त्या अंदाजावर ठरते.

मॅकिंटॉशचे वक्र ब्लेड १९४३ चे आहे आणि आजही बहुतेक रुग्णांत ते पुरते. त्याचे टोक एपिग्लॉटिसच्या (स्वरद्वारावरच्या झाकणाच्या) मुळाशी असलेल्या खळग्यात बसते आणि तेथून उचलल्यावर एपिग्लॉटिस आपोआप वर येते. मात्र स्वरद्वार दिसण्यासाठी डोळ्यापासून स्वरतंतूंपर्यंत सरळ दृष्टिरेषा लागते, आणि ती मिळवण्यासाठी मान, जीभ आणि जबडा यांना हलवावे लागते. जिथे यांपैकी एखादी गोष्ट हलत नाही तिथे स्वरद्वार किती दिसते यावर बेतलेल्या, कॉर्मॅक आणि लिहेन यांच्या १९८४ च्या वर्गवारीतील तिसरी श्रेणी पदरी येते, म्हणजे फक्त एपिग्लॉटिस दिसते. १९९३ मध्ये आलेल्या मॅककॉयच्या ब्लेडचे टोक हँडलजवळची दांडी दाबल्यावर वर उचलते. मान स्थिर ठेवावी लागते अशा रुग्णात तिसरी श्रेणी दुसरीवर आणण्यास ते खरोखर मदत करते. चौथ्या श्रेणीत, जिथे एपिग्लॉटिसही दिसत नाही, त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि तोंड न उघडणाऱ्या रुग्णात तर अजिबात नाही. तुमच्या बॅगेतले मॅककॉय टाकून देऊ नका, पण त्यावर विसंबून अवघड केस स्वीकारूही नका. सरळ मिलर ब्लेडचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. तान्ह्या मुलांची केस घेत असाल तर ते बॅगेत असायलाच हवे, कारण तान्ह्या बाळाची लांब, लवचीक एपिग्लॉटिस थेट उचलावी लागते.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये कॅमेरा ब्लेडच्या टोकाजवळ असतो, म्हणजे आपला डोळा तोंडाबाहेरून थेट जिभेच्या मागे जातो आणि सरळ रेषेची गरज कमी होते. इथपर्यंत सगळे स्कोप सारखेच. पुढे मात्र त्यांची तीन घराणी होतात आणि त्यांच्यातला फरक जाहिरातीतल्या चित्रावरून कळत नाही.

पहिले घराणे मॅकिंटॉशच्याच आकाराच्या ब्लेडचे. सी-मॅकचे नेहमीचे ब्लेड आणि मॅकग्रा मॅक ही त्याची ओळखीची उदाहरणे. हाताला जी सवय आहे तीच इथे चालते, बूजी सहज वापरता येते, आणि कॅमेऱ्यावर रक्त आले तर पडदा सोडून थेट तोंडात पाहून काम पुरे करता येते. हा शेवटचा गुण लहान रुग्णालयात फार मोलाचा आहे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव सुरू झालेले मूल किंवा मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातात चेहरा फुटलेला रुग्ण समोर असतो तेव्हा कॅमेऱ्याची काच एका क्षणात झाकली जाते.

दुसरे घराणे तीव्र वळणाच्या ब्लेडचे. कॅनडातील शल्यचिकित्सक जॉन पेसी यांचा ग्लाइडस्कोप २००१ च्या सुमारास आला आणि त्याच्या साधारण ६० अंशांच्या वळणाने ही पद्धत रूढ झाली. सी-मॅकचे डी-ब्लेड याच जातीचे. लहान हनुवटी, ताठ मान, वर-पुढे असलेले स्वरयंत्र यांत याच्याइतके चांगले दृश्य दुसऱ्या कशानेही मिळत नाही. आणि इथेच नवशिक्या फसतो, कारण पडद्यावर स्वरतंतू स्वच्छ दिसत असतात आणि नळी काही केल्या आत जात नाही. कॅमेऱ्याने जे वळण पार केले तेच वळण नळीलाही घ्यावे लागते, आणि साधी नळी ते स्वतःहून घेत नाही. त्यासाठी ब्लेडच्या वळणाशी जुळणारा कडक स्टायलेट, म्हणजे नळीच्या आत घालायची कांडी, लागतो. तो स्कोपसोबत मिळत नसेल तर वेगळा घ्या. त्याच्याविना असे ब्लेड विकत घेण्यात अर्थ नाही.

हे नेमके कसे करायचे ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण प्रात्यक्षिकात हा भाग सहसा दाखवला जात नाही. ब्लेड मधोमध, जीभ डावीकडे न सारता घाला आणि त्या वेळी नजर तोंडावर ठेवा. मग पडद्याकडे पाहून स्वरद्वार शोधा. मग पुन्हा तोंडाकडे पाहा आणि नळीचे टोक ब्लेडच्या बाजूने दिसेनासे होईपर्यंत डोळ्यांसमोर आत जाऊ द्या. त्यानंतरच पुन्हा पडद्याकडे पाहा. मधला टप्पा गाळून नजर पडद्यावरच खिळवून ठेवली की कडक स्टायलेट घातलेली नळी मऊ टाळूत किंवा टॉन्सिलच्या पुढच्या कमानीत घुसू शकते, आणि अशा जखमा जगभर नोंदल्या गेल्या आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे स्वरद्वार पडद्यावर पूर्ण भरून दिसावे हा मोह टाळा. ब्लेड फार पुढे नेऊन जोरात उचलले की दृश्य सुंदर होते आणि नळीचा कोन बिघडतो. ब्लेड किंचित मागे घेऊन स्वरद्वार पडद्याच्या वरच्या भागात अर्धेच दिसेल असे ठेवले तर नळीला जागा मिळते. टोक स्वरतंतूंमधून जेमतेम आत गेले की ते श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर अडते. तिथे ढकलू नका. मदतनीसाला स्टायलेट तीन-चार सेंटिमीटर मागे ओढायला सांगा, नळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा आणि मग पुढे सरकवा. ही ओढ कोणत्या दिशेने आणि किती घ्यायची याची सराव-फेरी सिस्टर किंवा ओटीतल्या मामांबरोबर रुग्ण टेबलावर येण्याआधी करून घ्यावी. ऐन वेळी सांगून ते नीट होत नाही.

तिसरे घराणे नळीसाठी खाच असलेल्या स्कोपचे. एअरट्रॅक आणि खाचेच्या ब्लेडचा किंग व्हिजन ही उदाहरणे. यात स्टायलेट लागत नाही आणि मान फारशी हलत नाही. अडचण जाडीची आहे: मोठ्या माणसांच्या नेहमीच्या एअरट्रॅकला दातांमध्ये किमान १८ मिलिमीटर जागा लागते, छोट्याला १६, किंग व्हिजनच्या खाचेच्या ब्लेडलाही १८ आणि बिनखाचेच्याला १३. शिवाय नळी खाचेतून ज्या दिशेने निघते ती दिशा बदलायची तर सारा स्कोपच हलवावा लागतो. एअरट्रॅकचे मूळ रूप एकदाच वापरण्याचे आहे, आणि एकदाच वापरायची वस्तू धुऊन पुन्हा वापरण्याची आपल्याकडची सवय मला मान्य नाही. एकच उपकरण घ्यायचे असताना मी हे घराणे निवडणार नाही.

संशोधन काय सांगते? अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रन आढाव्यात २२२ अभ्यास आणि २६ हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि तिन्ही घराण्यांच्या व्हिडिओ स्कोपने इंट्यूबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे) फसण्याचे प्रमाण कॅमेऱ्याविना केलेल्या थेट लॅरिंगोस्कोपीपेक्षा कमी झाल्याचे दिसले. श्वसनमार्ग अवघड असल्याचे आधीच माहीत आहे किंवा तसा अंदाज आहे अशा रुग्णांत तीव्र वळणाच्या ब्लेडचा फायदा विशेष ठळक होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिव्हाइस चाचणीत आपत्कालीन विभाग आणि अतिदक्षता विभागातील १,४१७ प्रौढ रुग्णांमध्ये पहिल्याच प्रयत्नात यश व्हिडिओने ८५.१ टक्के आणि थेट स्कोपने ७०.८ टक्के होते. क्लीव्हलंड क्लिनिकच्या २०२४ च्या चाचणीत तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीव्र वळणाच्या ब्लेडने एकाहून अधिक प्रयत्न १.७ टक्के प्रकरणांत लागले, थेट लॅरिंगोस्कोपीने ७.६ टक्के प्रकरणांत. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डिव्हाइस चाचणीत नळी घालणारे बहुतांश डॉक्टर प्रशिक्षणार्थी होते, त्यामुळे अनुभवी हातात फरक एवढा मोठा राहीलच असे नाही. क्लीव्हलंडच्या चाचणीत जुळणारा स्टायलेट वापरणारी, त्याचा रोजचा सराव असलेली माणसे होती. असा सराव नसलेल्या हाती तेच ब्लेड दिले तर तोच निकाल येईल असे गृहीत धरता येत नाही.

म्हणूनच मी दोन्ही ब्लेड घ्या म्हणतो, आणि सोप्या केसमध्ये रोज वापरा म्हणतो. पित्ताशयाची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया असो की थायरॉइडची, अडचण नसलेल्या रुग्णात तीव्र वळणाचे ब्लेड आणि स्टायलेट यांचा हात बसू द्या. व्हिडिओ स्कोप कपाटात ठेवून अवघड दिवशीच बाहेर काढायचा ही प्रथा मला घातक वाटते.

आता गुटख्याकडे येतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तरुण वयात तोंड आखडलेले रुग्ण आपल्याकडे येतच आहेत. सबम्यूकस फायब्रोसिसच्या, म्हणजे अशा तोंड आखडण्याच्या आजाराच्या, रुग्णाला तोंड उघडायला सांगा आणि त्याचीच बोटे दातांमध्ये उभी घालायला लावा. दोन जात नाहीत, कधी एकही जात नाही. गालाचे आतले अस्तर पांढुरके दिसते, बोटाने चाचपले तर उभे ताठ पट्टे लागतात, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. हा आखडलेपणा स्नायूंचा नसतो, तंतूंचा असतो. त्यामुळे ‘रिलॅक्संट (स्नायू सैल करणारे औषध) दिला की तोंड उघडेल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. औषध दिल्यावर तोंड तेवढेच राहते आणि श्वास मात्र थांबतो. दाढेच्या गळवामुळे तोंड न उघडणाऱ्या रुग्णात दुखण्यामुळे आलेला आवळ भुलेखाली सैल होऊ शकतो, पण दुखणे जुने असेल किंवा सूज जबड्याखाली उतरून गळ्यापर्यंत आली असेल तर तिथेही असे गृहीत धरू नये.

एक बोटही न जाणाऱ्या अशा तोंडात कोणताही व्हिडिओ लॅरिंगोस्कोप जाणार नाही, किंमत काहीही असो. तिथे रुग्ण जागा ठेवून नाकावाटे फायबरऑप्टिक स्कोपने नळी घालणे हाच मार्ग आहे. लाळ कमी करणारे ग्लायकोपायरोलेट, नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन, लिग्नोकेनने नाक, घसा आणि स्वरयंत्र बधिर करणे, नाकातून ऑक्सिजन सुरू ठेवणे आणि गुंगी हलकीच ठेवणे, एवढी तयारी शांतपणे केली तर रुग्ण ती चांगली सहन करतो. लिग्नोकेनची एकूण मात्रा सडपातळ वजनाच्या प्रतिकिलो ९ मिलिग्रॅमच्या आत ठेवा, आणि यात फवारा, नेब्युलायझर, जेली, सगळे मोजा. रुग्णाशी आदल्या दिवशीच मराठीत नीट बोलून घ्या: तुम्हाला जागे का ठेवणार आहोत, खोकला येईल, गिळावेसे वाटेल, श्वास मात्र तुमचाच चालू राहील. या पाच मिनिटांच्या बोलण्याने औषधाची गरज कमी होते असा माझा अनुभव आहे.

तुम्हाला स्वतःचा फायबरऑप्टिक स्कोप घेणे परवडणार नाही, आणि घ्यावा असे मी म्हणतही नाही. पण तो नाशिकमधल्या कोणत्या रुग्णालयात आहे, चालू स्थितीत आहे का, आणि तो हाताळणारे कोण आहेत हे तुम्हाला माहीत हवे. ज्या नियोजित रुग्णाला तो लागेल त्याची शस्त्रक्रिया तिथे हलवा. सर्जन थोडे नाराज होतील, होऊ द्या.

तोंड उघडते पण बाकी सारे अवघड आहे, अशा रुग्णाची गोष्ट वेगळी. भाजल्यानंतर हनुवटी छातीकडे ओढली गेलेली मान असेल आणि तोंड पुरेसे उघडत असेल, तर रुग्ण जागा ठेवून घसा बधिर करून व्हिडिओ लॅरिंगोस्कोपीही करता येते. यशाच्या बाबतीत ती फायबरऑप्टिकच्या बरोबरीने उतरते आणि बहुधा वेळ कमी घेते. मानेच्या मणक्याला इजा असल्याचा संशय असेल तर कॉलरचा पुढचा भाग काढून, मान मदतनीसाने हातांनी सरळ रेषेत स्थिर धरून व्हिडिओ स्कोप वापरणे मला सर्वांत योग्य वाटते. स्थूल रुग्णात किंवा सिझेरियनच्या बाईंमध्ये मात्र स्कोपच्या आधी पाठीखालच्या उंचवट्याकडे लक्ष द्या: कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत आली की निम्मी अडचण सुटते. हँडल छातीवर आदळत असेल तर आखूड हँडल हवे.

स्कोप कोणताही असो, प्रयत्नांना मर्यादा हवी. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑक्सिजन सॅच्युरेशन ९५ टक्के किंवा त्याहून जास्त टिकत असेल तरच जास्तीत जास्त तीन प्रयत्न करावेत आणि प्रयत्नांदरम्यान नाकातून ऑक्सिजन चालू ठेवावा. पुढचा प्रयत्न करताना काहीतरी बदललेले असावे: ब्लेड, स्थिती, बूजी किंवा हात. तेच ब्लेड तसेच पुन्हा घालण्याने फक्त सूज आणि रक्त वाढते. त्यानंतर स्वरयंत्राच्या वर बसणारे आय-जेलसारखे उपकरण, आणि तेही न जमल्यास गळ्याला छेद देऊन मार्ग. त्यासाठीचे शस्त्रक्रियेच्या सुरीचे १० नंबरचे ब्लेड, बूजी आणि ६ नंबरची नळी एका पिशवीत बांधून बॅगेत कायम ठेवा.

आणखी एक स्पष्ट मत. तुम्ही जाता त्या रुग्णालयांपैकी एखाद्यात कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) नसेल तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या आधी तो घ्या, रुग्णालय घेत नसेल तर छोटा, हाती धरता येणारा स्वतः घ्या. ब्रिटनमधील २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत अतिदक्षता विभागात श्वसनमार्गाच्या गुंतागुंतीमुळे झालेल्या मृत्यूंच्या मागे कॅप्नोग्राफचा अभाव हे ठळक कारण आढळले होते. पडद्यावर नळी आत जाताना दिसली तरी कार्बन डायऑक्साइडची लाट उमटेपर्यंत ती श्वासनलिकेत आहे असे मानू नये.

खरेदी करताना पडद्याच्या आकारापेक्षा इतर गोष्टी पाहा. बॅटरी पूर्ण चार्ज केल्यावर किती वेळ चालते हे स्वतः घड्याळ लावून तपासा. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे वीज गेली तर विक्रेत्याचा शब्द कामाला येत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा तुम्हाला माहीतच आहे. थंड ओटीत थंड ब्लेड उबदार तोंडात घातले की काचेवर वाफ बसते. धुके-प्रतिबंधक व्यवस्था असेल तर स्कोप मिनिटभर आधी सुरू करून ठेवा, नसेल तर टोक कोमट सलाइनमध्ये बुडवून पुसून घ्या. पुन्हा वापरायची ब्लेड कोणत्या द्रावणात किती वेळ ठेवायची हे कंपनीकडून लेखी घ्या, कारण ग्लुटारल्डिहाइड हे जंतुनाशक सगळ्या प्लास्टिकला आणि सगळ्या जोडांना चालत नाही. एका दिवसात दोन रुग्णालये करायची असतील तर प्रत्येक आकाराची किमान दोन ब्लेड लागतील. किंमत विचारताना ती धरूनच विचारा. स्वस्त देशी-चिनी स्कोप कोविडनंतर बरेच आले आहेत आणि त्यांतले काही चांगले आहेत, मात्र ब्लेडचे वळण प्रत्येकाचे निराळे असते आणि स्टायलेट त्या वळणाशी जुळतोच असे नाही. एक दिवस मागून घ्या, सोप्या केसमध्ये स्वतः वापरा, मगच ठरवा.

अवघड केस पार पडल्यावर रुग्णाच्या हाती एक चिठ्ठी द्या आणि तिची प्रत केसपेपरला लावा. तोंड किती उघडत होते, मास्कने श्वास देता आला का, कोणत्या ब्लेडने कोणती श्रेणी दिसली, किती प्रयत्न लागले, कोणत्या क्रमांकाची नळी शेवटी कशी गेली, एवढे त्यात मराठीत आणि इंग्रजीत असावे. पुढची शस्त्रक्रिया कदाचित पुण्यात किंवा मुंबईत होईल, आणि तिथल्या भूलतज्ज्ञाला ही माहिती देण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्या रुग्णाकडे नसतो.